जामीनदाराची पत

पांढुर्णा आणि सौंसर या आपल्या मराठी तहसिली 1956 च्या राज्यरचनेत मध्यप्रदेशात राहिल्या व 2023 साली त्यांचा मिळून निराळा जिल्हा झाला. परंतु येथील दरिद्री माणसास तुरुंगाची वाट दाखविणारा अबकारी कायदा मात्र नागपूर राजधानी असतानाचा, 1915 सालचा आहे.

संत्र्याच्या बागेतील मजुरी हंगामापुरती. ती सरली की कित्येक घरांना मोहफुलांचाच आधार. अनुसूचित क्षेत्रातील आदिवासीस घरगुती वापरापुरती मोहाची दारू गाळण्याची मुभा आहे खरी, पण या दोन्ही तहसिलींतील काही पटवारी हलके त्या क्षेत्रात मोडतात आणि काही मोडत नाहीत, त्यामुळे एका हलक्यातला रिवाज लगतच्या हलक्यात अपराध ठरतो. (पटवाऱ्याच्या नकाशावरील रेघेत एवढे सामर्थ्य असेल, याची कल्पना खुद्द पटवाऱ्यालाही नसावी.) माल 50 लिटरांहून अधिक निघाला, तर किमान एक वर्षाची सजा, आणि जामीनही दुर्घट.

बरे, जामीन मंजूर झाला तरी सुटका होतेच असे नाही. जामीनदाराने भू-अधिकार ऋणपुस्तिका हजर करावी अशी कचेरीची रीत. आणि ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर राबण्यात गेल्या, त्याच्या गोतावळ्यात ती कोठून असणार? मग बागाइतदाराची मनधरणी करणे आले, आणि त्या उपकाराची फेड बहुधा पुढल्या हंगामाच्या मजुरीतून. 2022 अखेर देशातील 5,73,220 बंदिवानांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे दर चौघांपैकी तिघांचा गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा होता. एवढे सारे लोक केवळ दुष्ट प्रवृत्तीमुळे आत गेले, असे मानण्यास माझे मन धजत नाही.

1978 साली याच मध्यप्रदेशातील मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला होता, आणि भावाची मालमत्ता परजिल्ह्यात म्हणून भावाची हमीही नाकारली होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट अन्याय्य ठरवून त्यास हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडविले. ज्यांचे मामे काटोलास आणि व्याही वरुडास, ज्यांच्या आप्तांची ऐपत परराज्याच्या सातबाऱ्यावर नोंदलेली, त्या आपल्या लोकांना हा निवाडा मुखोद्गत असावयास हवा. 2024 पासून लागू झालेल्या, फौजदारी प्रक्रियेच्या नव्या संहितेनुसार तर पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने, त्याच्यावर अन्य खटले नसल्यास, कमाल सजेची एक-तृतीयांश मुदत भरताच त्यास मुचलक्यावर सोडावयाचे असते. आणि त्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची आहे, मजुरी बुडवून खेपा घालणाऱ्या त्याच्या बायकोची नव्हे.