तलवारबाजीचे बूट

२०२१मध्ये टोकियोत भारताची तलवारबाज भवानी देवी खेळली आणि ऑलिंपिकमधली तलवारबाजी आपल्या घराघरांत पोहोचली. आता मुलं शिकायला जातात, तेव्हा पालक मुखवट्याची, जाकिटाची चौकशी करतात. बुटांचं मात्र कुणी विचारत नाही. घरातले धावायचे बूट चालतील, असंच गृहीत धरतात. पण ते नकोतच. त्यांची जाड, मऊ, उंच टाच सरळ धावण्यासाठी असते. इथे १४ मीटर लांबीच्या पट्टीवर सतत पुढे-मागे सरकायचं आणि मध्येच लंज, म्हणजे लांब झेप घ्यायची. त्या वेळी पुढचा पाय टाचेवर आदळतो, मागच्या पायाची आतली कड जमिनीला घासते. उंच तळावर घोटा मुरगळायला कितीसा वेळ लागतो! म्हणून खास बुटांची टाच गोलसर, गादी दिलेली असते आणि आतली बाजू मजबूत केलेली. ते महाग पडतात. सुरुवातीला बॅडमिंटनचे, सपाट रबरी तळाचे बूट उत्तम. दुकानात जाताना सरावाचेच लांब मोजे घालून जा आणि तिथेच दोन-चार झेपा घेऊन पाहा. दुकानदार हसला तर हसू दे.