अळीची गोधडी

पारनेरहून बोलतोय. गोधडी शिवताना आमच्याकडं हिशेब एकच: कमी कापडात पोरगं झाकलं पाहिजे. १९६६ साली लिओ मोझर या गणितज्ञानं तोच हिशेब अळीसाठी मांडला. अळी १ फूट लांब (एवढी आमच्या ज्वारीत नसते!), झोपते कशीही वळून. गोधडी सरकवा, फिरवा. कडेला खाच मात्र नको. सगळ्यात लहान केवढी?

अळीच्या मध्यापासून तिचा कुठलाच भाग अर्ध्या फुटापलीकडं जात नाही. म्हणून १ फूट व्यासाचं वर्तुळ पुरतं. खरं तर अर्धंही पुरतं, ०.३९३ चौरस फूट. मग दोन फुटी भाकरीचा बारावा तुकडा आला: ०.२६२. तो पुरतो, हे थायलंडच्या दोघांनी अलीकडं सिद्ध केलं. ०.२३२ च्या खाली जमत नाही, हेही पक्कं. मधल्या फटीत उत्तर नेमकं कुठंय, कुणालाच ठाऊक नाही. दोरा, कागद, कात्री घ्या आणि बसा.