चाकांवरचे बिऱ्हाड



या व्यासपीठावर काल वेदान्त झाला, उद्या अर्थकारण आहे. मधल्या दिवशी एका मोटार-दुरुस्तीवाल्याला उभे केलेले पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मलाही वाटले. चाळीस वर्षे मी मालमोटारींखाली आडवा पडून काढली. उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

अमेरिकेची प्रवासवर्णने आपण पुष्कळ ऐकली आहेत. नायगारा, न्यू यॉर्कचे मनोरे वगैरे मी सांगणार नाही. मी सांगणार आहे ते एका घराविषयी, जे आम्ही ओढून नेले. 2019 च्या सप्टेंबरात मी, माझा पुतण्या आणि सूनबाई असे तिघे इंडियाना राज्यातून निघालो आणि सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पश्चिमेला कॅलिफोर्नियात उतरलो. शहरातले भाडे भरून दोघे कंटाळली होती. वर्षभर चाकांवर राहायचे, नोकरीचे काम संगणकावरून करायचे, असे त्यांनी ठरवले. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, यांचे पाठीमागे.

हे घर म्हणजे छत्तीस फूट लांब आणि जवळजवळ तेरा फूट उंच. आत निजण्याची खोली, न्हाणीघर, चार शेगड्यांची चूल. मुक्कामाला पोचलात की बटण दाबायचे, भिंतीच बाहेर सरकतात आणि दिवाणखाना रुंद होतो. पाण्याच्या टाक्या तीन: एक ताज्या पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची आणि एक शौचकूपाची. ही तिसरी टाकी ठरलेल्या जागी नेऊन, हातमोजे घालून आपली आपण रिकामी करावी लागते. अमेरिकेत माणसाला जमिनीवर आणणारे जे काही थोडे उरले आहे, त्यात मी या कामाची गणना करतो.

या घराला तिकडे ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे पाचवे चाक म्हणतात. नाव ऐकून मी प्रथम चाके मोजली. हिशेब जमेना. मग जोड पाहिला आणि उलगडा झाला. मुंबईत पूर्वी धावणाऱ्या चारचाकी व्हिक्टोरिया आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिल्या असतील. अशा गाडीचा पुढचा आस घोड्यामागे वळावा म्हणून त्याच्यावर एक लोखंडी चक्र आडवे बसवलेले असते. जमिनीला न लागणारे ते पाचवे चाक. पुढे मोटारी आल्या, घोडा गेला, चक्राचे नाव मात्र राहिले. आपल्या बंदरांतून कंटेनर घेऊन निघणारे लांबलचक ट्रेलर पाहा. त्यांचा जोड हाच. घराच्या पुढच्या भागाखाली एक जाड खुंटी असते. ती पिकअप मोटारीच्या हौद्यात, मागच्या आसाच्या बरोबर वर बसवलेल्या तबकडीत अडकते.

हे घर ज्या एल्कहार्ट परगण्यात तयार झाले, त्याचा सगळा संसार या धंद्यावर. 2008 च्या मंदीत लोकांनी अशी घरे घेणे थांबवले आणि 2009 साली तेथील बेकारी वीस टक्क्यांच्या आसपास गेली. या कारखान्यांत आमिश पंथाचे पुष्कळ लोक काम करतात. ही माणसे धर्माज्ञेप्रमाणे स्वतःची मोटार बाळगत नाहीत. दुसऱ्याच्या मोटारीत बसतील, सायकलने जातील. पण घरची सवारी म्हणजे घोड्याची बग्गी. तिच्या पुढच्या आसावर मी ते मूळचे पाचवे चाक पाहिले. दिवसभर इतरांसाठी फिरती घरे बनवायची आणि रविवारी बग्गी जोडून प्रार्थनेला जायचे! मी त्या बग्गीजवळ इतका रेंगाळलो की पुतण्याला हाका माराव्या लागल्या.

आता मुद्द्याचे बोलतो, आणि त्यात माझी एक चूक आहे तीही सांगतो.

बैलगाडी भरणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते. म्हणून थोडा भार बैलांच्या मानेवर हवा. या घराचेही तेच. एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा त्या खुंटीवर, म्हणजे पिकअपच्या पाठीवर पडला पाहिजे. फार कमी पडला तर घर रस्त्यावर शेपटी हलवू लागते. पण पाचवा हिस्सा म्हणजे किती? आमचे घर भरल्यावर साडेसहा टनांचे. त्याचे सुमारे तेराशे किलो झाले. त्यात आम्ही तिघे, जोडाचे लोखंड, हत्यारे, असे आणखी चारशे. आणि पिकअपच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेली चिठ्ठी म्हणत होती, चौदाशे.

विक्रेता ओढण्याचा आकडा सांगतो, वाहण्याचा सांगत नाही. ओढण्याचा आकडा मोठा असतो, ऐकायला बरा वाटतो. आणि बहुतेक राज्यांत एवढे धूड साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, हे ऐकून तर माझ्या अंगावर काटा आला होता. तरीही आयोवात वॉलकॉट येथे, जगातला सर्वांत मोठा म्हणवणाऱ्या ट्रकथांब्यावर, पुतण्या म्हणाला, “काका, इथे काटा आहे, वजन करून घेऊ या का?” तेव्हा मी म्हणालो, “अरे, इंजिन बघ केवढे आहे. न ओढायला काय झाले?” हे मी म्हणालो, चाळीस वर्षे हाच धंदा केलेला माणूस.

नेब्रास्का सपाट आहे. सपाट रस्त्यावर कोणाचीही चूक कळत नाही. वायोमिंगमध्ये वाऱ्याने थोडी कळली. एल्क माउंटनजवळचा वारा असा की हलक्या आणि उंच गाड्यांना कधी कधी रस्ताच बंद करतात. आम्ही एक दिवस थांबून गेलो. पुढे युटात सॉल्ट लेक शहराच्या अलीकडे पार्लीज कॅन्यन नावाचा घाट लागतो. माथा सुमारे 7,100 फुटांवर. तेथून शहराच्या वेशीपर्यंत सुमारे सातशे मीटर खाली उतरायचे. गाडी आणि घर मिळून दहा टन. या उतरण्याची जी ऊर्जा होते ती कोठेतरी जायला हवी. ती सगळी ब्रेकांत घातली, तर तेवढ्या उष्णतेवर दोनशे लिटर गार पाण्याला उकळी येईल. चढावर घर आपल्यामागे येते. उतारावर आपण घरापुढे धावत असतो.

निम्म्या घाटात मला तो वास आला. लायनर जळण्याचा वास मी झोपेतही ओळखीन. पुतण्या नवखा, वेग वाढला की ब्रेकवर पाय ठेवी तो उचलतच नसे. “काका, पाय दाबतोय, पण हवी तशी धरत नाही,” असे तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. सूनबाई मागच्या बाकावर होती, तिला ऐकू जाऊ नये म्हणून. तिला ते ऐकू गेले होते. मी म्हणालो, “गिअर खाली घे. आणखी खाली. एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाब.” इंजिन ओरडले, पण वेग धरला गेला, आणि रुंद कडेला आम्ही थांबलो. घराच्या चाकांजवळ हात नेववेना. अर्धा तास कोणी बोलले नाही.

शहर ओलांडल्यावर आम्ही मुकाट्याने काट्यावर गेलो. तीनशे पासष्ट किलो जादा. माझे मत विचारले गेले नाही, हे योग्यच होते.

मग वाहनतळावर घराचे पोट उघडले. सगळ्यांत जड वस्तू नेमक्या पुढच्या कप्प्यात, खुंटीच्या जवळ. त्या मागे सरकवाव्यात असा मोह होतो, पण मग गाडी उलाळ. तेव्हा काढायच्याच. ताज्या पाण्याची टाकी भरलेली होती, दोनशे सत्तावीस लिटर. जेथे रोज नळ मिळतो तेथे हे पाणी वाहून न्यायचे कशाला? ते सोडले. पुस्तकांची आठ खोकी एका ग्रंथालयाच्या दानपेटीजवळ गेली. त्यांत पुतण्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, मराठी पुस्तके होती. ती तेथे कोण वाचणार? पुतण्याने एक खोके परत उचलले, उघडून पाहिले आणि पुन्हा ठेवले. शेवटी राहिला सूनबाईचा पाटा-वरवंटा. तिच्या आईचा. बारा किलो. पुतण्या काही बोलणार तोच ती म्हणाली, “याचं वजन मी कमी करते,” आणि स्वतःच्या कपड्यांची पेटी बाहेर काढली.

त्याच संध्याकाळी आमचा रस्ता मिठाच्या वाळवंटातून गेला. 1846 साली याच वाळवंटातून बैलगाड्यांचा एक तांडा कॅलिफोर्नियाकडे निघाला होता, डॉनर मंडळी म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यांतल्या रीड कुटुंबाची एक गाडी नेहमीपेक्षा मोठी आणि सोयींची होती. त्यांच्या मुलीने पुढे तिचा उल्लेख महालगाडी असा केला. मिठात त्यांचे बहुतेक बैल गेले, आणि गाड्या व पुष्कळसे सामान मागे टाकावे लागले. तांड्याला उशीर झाला, सिएरा नेवाडाच्या खिंडीपाशी बर्फाने गाठले, आणि सत्त्याऐंशी माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावली. उशिराची कारणे पुष्कळ होती, सगळा दोष त्या गाडीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण पांढऱ्या रखरखाटातून जाताना आम्हा तिघांच्या मनात दुसरे काही नव्हते.

अशा घरांत राहणारे सगळेच हौसेने राहतात असे नाही, हेही सांगितले पाहिजे. जेसिका ब्रुडर यांच्या 2017 च्या ‘नोमॅडलँड’ पुस्तकात उतारवयात घर परवडेनासे झालेली, गाडीत राहून हंगामी मजुरी करणारी माणसे आहेत. एका मुक्कामावर आमच्या शेजारी असे एक वृद्ध गृहस्थ होते. आमचे घर पाहून ते म्हणाले, छान आहे, पण तुम्हाला थांबता येते का? ब्रेकविषयी विचारले की आणखी कशाविषयी, हे मला कळले नाही. आमचा ताजा अनुभव मी त्यांना सांगितला.

डॉनरची खिंड आम्ही सकाळीच गाठली. रस्त्याचा माथा सुमारे 7,200 फुटांवर, आणि पुढे सॅक्रामेंटोच्या सपाटीपर्यंत उतारच उतार. या वेळी माथ्यावरच गिअर खाली घेतला. ब्रेक दाबायचा तो थोडा वेळ, घट्ट, आणि लगेच सोडायचा. मालमोटारी आम्हाला मागे टाकून जात होत्या, मोटारवाले भोंगे वाजवत होते. पुतण्याने मान वळवली नाही. खाली विश्रांतिस्थळावर मी आठही चाकांना पालथा हात लावून पाहिला. चटका बसला नाही. तोपर्यंत सूनबाईने पाटा बाहेरच्या बाकावर मांडला होता. खोबरे सुके होते, मिरच्या मेक्सिकन, तरी चटणी चटणीच झाली.

ते घर त्यांनी 2021 साली विकले. घेणारे एक तरुण जोडपे होते. पुतण्याने चाव्यांबरोबर त्या वजनकाट्याची पावतीही त्यांच्या हातात दिली, असे त्याने मला फोनवर सांगितले.