यंत्राचा निर्णय आणि संस्थेचे उत्तरदायित्व

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



देणाऱ्याने विश्वासाने द्यावे आणि घेणाऱ्यास ते सन्मानाने मिळावे, या परंपरेवरच कोणतीही संस्था पन्नास वर्षे उभी राहते. हा विश्वास ज्या नव्या साधनामुळे वाढूही शकतो आणि एका चुकीने ढळूही शकतो, त्या कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी आज आपल्याशी संवाद साधावयाचा आहे. आपल्यापैकी कोणी पेढी सांभाळतात, तर कोणी पतसंस्था, शाळा वा रुग्णालय चालवितात. पत्रांचे मसुदे, अर्जांची छाननी, ग्राहकांच्या शंकांचे निरसन ही कामे हळूहळू यंत्राकडे जाऊ लागली आहेत. ती जाऊच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ती कोणत्या अटींवर जावीत, एवढाच प्रश्न आहे.

पहिले उदाहरण कॅनडातील आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आजीच्या निधनामुळे प्रवासास निघालेल्या एका गृहस्थांनी एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील चॅटबॉटला शोकप्रसंगी मिळणाऱ्या भाडेसवलतीविषयी विचारले. तिकीट निघाल्यापासून ९० दिवसांत अर्ज केल्यास सवलत मिळेल, असे उत्तर आले. कंपनीचा नियम मात्र प्रवास झाल्यावर सवलत न देण्याचा होता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणापुढे गेले, तेव्हा चॅटबॉटच्या उत्तरास आपण बांधील नाही, अशी भूमिका कंपनीने घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती फेटाळली गेली आणि कंपनीस सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यावे लागले. रक्कम किरकोळ, परंतु तत्त्व मोठे आहे. मुनिमाने चुकीची पावती दिली, तर 'तो वेगळा आणि मी वेगळा' असे पेढीच्या मालकास म्हणता येत नाही. यंत्राच्या बाबतीतही हाच न्याय लागू होतो.

दुसरे उदाहरण अधिक वेदनादायक आहे. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांतून संशयास्पद अर्ज निवडण्यासाठी तेथील कर विभागाने स्वतः शिकत जाणारी संगणकीय प्रणाली वापरली. अर्जदार डच नागरिक आहे किंवा नाही, हाही तिच्यात जोखमीचा एक निकष होता. हजारो पालकांवर फसवणुकीचा खोटा ठपका बसला. वर्षानुवर्षांचा भत्ता परत मागितला गेला आणि अनेक कुटुंबे कर्जात बुडाली. अखेर जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. यंत्राने वेगळे काढलेले अर्ज तपासण्यासाठी तेथे कर्मचारी नेमलेले होते. तथापि, अमुक अर्जास जोखमीचे इतके गुण का मिळाले, हे त्यांना सांगितले जात नव्हते. कारण ठाऊक नसलेला माणूस यंत्राला विरोध तरी कशाच्या आधारावर करणार? म्हणून 'आमच्याकडे शेवटी माणूसच सही करतो', एवढ्याने संस्थेचे कर्तव्य पूर्ण होत नाही. त्या माणसाला निर्णयाचे कारण कळले पाहिजे, कागद पाहण्यास वेळ मिळाला पाहिजे आणि यंत्राचे म्हणणे बाजूस ठेवण्याचा अधिकारही असला पाहिजे. या तिन्हींवाचून त्याची सही म्हणजे केवळ शिक्का होय.

तिसरा धोका बाहेरून येतो. सन २०२४ च्या आरंभी अरूप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँग कार्यालयातील एका कर्मचाऱ्याने दृक्‌श्राव्य बैठकीत वरिष्ठांना पाहिले, त्यांचे बोलणे ऐकले आणि त्यानुसार सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठविले. बैठकीतील ते चेहरे व आवाज यंत्राने घडविलेले होते. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले प्रमाण मानावे, ही आपली जुनी सवय आता पुरेशी राहिलेली नाही.

मग उपाय कोणते? अमेरिकेतील 'निस्ट' या मानक संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत चार कार्ये सांगितली आहेत : कारभाराची व्यवस्था लावणे, धोके ओळखणे, ते मोजणे आणि त्यांचे नियंत्रण करणे. आपल्या संस्थांच्या भाषेत त्यांचा अर्थ पुढीलप्रमाणे लावता येईल.

प्रथम, कोणत्या कामासाठी कोणते साधन वापरले जाते आणि त्यास कोण जबाबदार आहे, याची एक नोंदवही ठेवावी. दुसरे, होऊ शकणाऱ्या हानीनुसार कामांची वर्गवारी करावी. सभेच्या सूचनेचा मसुदा चुकला तर दुरुस्त करता येतो. परंतु गरजू विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती नाकारली गेली, तर त्याचे वर्ष वाया जाते. तिसरे, साधन वापरात आणण्यापूर्वी मागील वर्षी निकाली निघालेल्या अर्जांवर ते चालवून पाहावे आणि मुली, खेड्यांतील विद्यार्थी, अपुरी कागदपत्रे असलेले अर्जदार यांच्यावर अन्याय होत नाही ना, हे स्वतंत्रपणे तपासावे. चौथे, रुग्णांचे अहवाल वा देणगीदारांचे पॅन क्रमांक सर्वांसाठी खुल्या असलेल्या साधनांत भरू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आपल्या देशाने २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला असून नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले आहेत. पाचवे, पैसे पाठविण्याची सूचना कोणत्याही मार्गाने आली, तरी आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः दूरध्वनी करून खात्री करावी.

यांत अगदी नवे असे फारसे काही नाही. धनादेशावर दोन विश्वस्तांच्या सह्या, रोजमेळाची तपासणी आणि वार्षिक लेखापरीक्षण या पद्धती आपल्या पूर्वसूरींनी कोणावर अविश्वास होता म्हणून घातल्या नाहीत. प्रामाणिक माणसाच्याही हातून चूक होऊ शकते, हे ते जाणून होते. त्यांनी माणसाला लावलेली शिस्त आपण यंत्राला लावावयाची आहे.

शेवटी एकच विनंती. यंत्राच्या साहाय्याने ज्याचा अर्ज नाकारला जाईल, त्याला कारण विचारण्यासाठी संस्थेत एक दार उघडे असावे आणि त्या दाराशी निर्णय बदलण्याचा अधिकार असलेला माणूस बसलेला असावा. येत्या काळात आपल्या संस्था नवी साधने अवश्य स्वीकारोत. मात्र उत्तर देण्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडेच ठेवावी.