रसायनशास्त्राचा वर्ग : काय अपेक्षावे?

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक विद्यार्थी-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



दहावी उत्तीर्ण होऊन अकरावीच्या विज्ञानशाखेत पाऊल टाकणाऱ्या मुलामुलींना व त्यांच्या पालकांना रसायनशास्त्राविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. विषय रुक्ष वाटेल. परंतु ज्या कासार ज्ञातीच्या कित्येक पिढ्यांचा चरितार्थ तांबे, पितळ, कासे आणि बांगड्या यांवर चालला, तिला तो परका नाही, असे आमचे मत आहे. परका आहे तो त्याचा पोशाख.

कल्हईचेच उदाहरण घ्या. तांब्याचे भांडे भट्टीवर तापवून त्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठे, नाकाला झोंबे, आणि मग कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरविताच भांडे रुप्यासारखे चकाके. नवसागर कशासाठी, असे विचारले असता वडीलधारी मंडळी 'त्याशिवाय कल्हई धरत नाही' एवढेच सांगत. उत्तर खरे, पण अपुरे. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यापासून अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे दोन वायू निघतात. त्यांतील दुसरा तांब्यावरील ऑक्साइडचा थर नाहीसा करतो व उघड्या पडलेल्या निर्मळ तांब्याला कथील चिकटते. उरलेले वायू वर थंड हवेत गेले की पुन्हा एकमेकांशी संयोग पावतात; तोच तो पांढरा धूर. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांब्याला १०८५ अंश लागतात. म्हणून भांडे शाबूत राहते आणि कथील पाण्यासारखे पसरते. आपल्या आजोबांना हे सारे हाताने ठाऊक होते. त्या हाताच्या ज्ञानाला कारण जोडून देणे, हे रसायनशास्त्राच्या वर्गाचे काम होय.

आता वर्गात प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. दहावीच्या पुस्तकात मूलद्रव्यांचे वर्गीकरण, रासायनिक अभिक्रिया, धातुविज्ञान व कार्बनी संयुगे अशी प्रकरणे असतात. ती पाठ करूनही चांगले गुण मिळतात. अकरावीत हा मार्ग बंद होतो. दहावीला नव्वदीपार गेलेला मुलगा पहिल्याच चाचणीत कसा गळाला, अशी तक्रार घेऊन पालक येतात, तेव्हा दोष मुलाचा नसतो. तोपर्यंत रसायन हा त्याच्या दृष्टीने वर्णनाचा विषय होता. आता तो हिशेबाचा झालेला असतो.

या हिशेबाचे माप म्हणजे मोल. कासार जसा बांगड्या डझनाने मोजतो, तसा रसायनज्ञ कण मोलाने मोजतो. फरक इतकाच की त्याच्या 'डझनात' ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके नग असतात. नमुन्यादाखल एक गणित सांगतो. ऑक्झॅलिक आम्लाचे ०.१ मोलर द्रावण २५० मिलिलिटर करावयाचे आहे. स्फटिक किती तोलावेत? या स्फटिकांत आम्लाच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू बांधलेले असतात, म्हणून मोलचे वजन १२६ ग्रॅम धरावे लागते, उत्तर ३.१५ ग्रॅम. जो विद्यार्थी ते पाणी विसरतो तो ९० धरतो, २.२५ ग्रॅम तोलतो, आणि मग त्याचे सारे अनुमापन चुकत जाते. बाटलीवरील चिठ्ठी नीट वाचणे हाही या शास्त्राचा भाग आहे. आपल्या दुकानदारीत वाढलेल्या मुलाला हे वेगळे सांगावयास नको, असे वाटते खरे. पण सांगावे लागते.

दुसरी अडचण भाषेची. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने ऑक्सिडीकरण, क्षपण, संयुजा, उत्प्रेरक हे शब्द मोठ्या कष्टाने आपलेसे केलेले असतात. अकरावीत तीच माणसे इंग्रजी नावांनी भेटतात आणि मुलगा गांगरतो. त्याने वहीत दोन्ही नावे शेजारी शेजारी लिहावीत. दोन-तीन महिन्यांत ओळख पटते. याच कारणाने शाखा बदलू पाहणाऱ्या मुलांना पालकांनी दिवाळीपर्यंत तरी थांबवावे.

परंतु आमचे खरे म्हणणे प्रयोगशाळेविषयी आहे. बारावीच्या मंडळाच्या परीक्षेत रसायनाचे ७० गुण लेखी व ३० प्रात्यक्षिकाचे. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत ७२० पैकी १८० गुण रसायनाचे, पण हात पाहणारे कोणी नाही. यावरून हुशार पालकांनी असा निष्कर्ष काढला की प्रात्यक्षिक म्हणजे वेळेचा अपव्यय. मुलाचे नाव एका महाविद्यालयात, तो बसतो दुसऱ्याच शिकवणीत, आणि प्रयोगवही मित्राच्या वहीवरून उतरविलेली, असा प्रकार आज घरोघर चालतो. शिकवणीला लाखाच्या घरात पैसे मोजणारा बाप मुलाने ब्युरेट हातात धरली काय, हे विचारीत नाही! भट्टीजवळ न बसता कारागीर झालेला मुलगा आपल्या ज्ञातीत कोणी पाहिला आहे काय?

प्रयोगशाळेत काय मिळते? पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे द्रावण कोमट ऑक्झॅलिक आम्लात थेंबाथेंबाने पडताना रंगहीन होत जाते, आणि एका थेंबाला फिकट गुलाबी छटा टिकून राहते. तो थेंब ओळखण्यास डोळा तयार व्हावा लागतो. क्षारांच्या परीक्षणात अनोळखी भुकटीतील धन व ऋण आयन ओळखावयाचे असतात. तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया वाढवीत गेले की गर्द निळा रंग येतो. अमोनियमचा क्षार दाहक सोड्याबरोबर तापविला की कल्हईच्या दुकानातला तोच झोंबरा वास. टाकणखाराच्या मण्यात कोबाल्टचा कण वितळला तर मणी निळा होतो, आणि बांगडीच्या काचेला गडद निळाई देणारा पदार्थही बहुधा हाच. शिस्तही तेथेच लागते : आम्ल पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये, डोळ्यांवर चष्मा, अंगावर सुती एप्रन, केस बांधलेले.

मुलींच्या पालकांस एक उल्लेख पुरे. कमला भागवत, पुढे सोहोनी, यांनी १९३३ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला, तेव्हा स्त्री म्हणून त्यांस नकार मिळाला. त्या हटल्या नाहीत, अटींवर आत गेल्या, आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून नामांकित जीवरसायनशास्त्रज्ञ झाल्या. त्यांचे वडील व चुलते दोघेही रसायनज्ञ होते. आपल्या घरांतून मुलीला 'लॅबमध्ये उशीर होतो' म्हणून दुसरी शाखा घ्यावयास लावतात. उशीर होत असेल तर तिला आणावयास कोणी तरी जावे, इतकाच त्यावर उपाय.

शेवटी कार्यकारिणीपुढे एक सूचना. गुणवंतांना शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह देण्यात दरसाल जी रक्कम खर्च होते, तिच्यातील अर्धी यंदा वसतिगृहाकडे वळवावी. तीत एक चांगला तराजू, काही ब्युरेटी-पिपेटी, परीक्षानळ्या व विरल द्रावणे येतील. ज्ञातीतील निवृत्त शिक्षक रविवारी दोन तास देण्यास तयार आहेत; त्यांच्या देखरेखीवाचून कपाट उघडू नये. ज्यांच्या माळ्यावर जुनी मूस, भाता वा सांडशी पडली असेल त्यांनी ती भंगारात न घालता आणून द्यावी. कल्हईचा प्रयोग आम्ही स्वतः करून दाखवू, मात्र कथील शिसेविरहित मिळाले पाहिजे. तळमजल्यावरील कोपऱ्याची खोली रिकामी आहे व तिला खिडक्याही दोन आहेत. पाण्याचा नळ तेवढा नव्याने घ्यावा लागेल.