वृद्ध कोळ्याची शुश्रूषा

घरांत पाळलेलें कुत्रें म्हातारें झालें, कीं तें कोणी सांगावें लागत नाहीं. तोंडावरचे केस पांढरे होतात, जिना चढतांना धाप लागते. परंतु ज्या प्राण्याला हांक मारून उपयोग नाहीं आणि जो निरोगी असतांनाहि दिवसचे दिवस एका जागीं बसून राहतो, त्याचें वार्धक्य ओळखावयाचें कसें? इंग्लंड-अमेरिकेंत टॅरंटुला नांवाचे मोठे केसाळ कोळी हौसेनें पाळणाऱ्यांपुढें हा प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतोच.

त्यांच्या घरीं पुष्कळदां आढळणारा कोळी म्हणजे चिली देशांतील गुलाबी टॅरंटुला. त्याच्या नराचें व मादीचें आयुष्य सारखें नसतें. शेवटची कात टाकून नर वयांत आला, म्हणजे तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांच्या टोकांना बोंडासारखा आकार येतो. त्यानंतर तो बहुधा एक-दोन वर्षांचाच सोबती असतो. मादी मात्र वयांत आल्यावरहि कात टाकीत राहते व २० वर्षांपर्यंत सुद्धां जगूं शकते. मुलाच्या हट्टासाठीं आणलेली मादी, मुलगा कॉलेजांत गेला तरी आईच्या गळ्यांत उरते, ती यामुळेंच.

वार्धक्य ओळखण्यांत दोन चुका वारंवार होतात. हा कोळी कधीं कधीं महिनेच्या महिने अन्नाला शिवत नाहीं. त्याचें उदर भरलेलें असेल, तर तेवढ्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. दुसरी चूक अधिक घातक आहे. कात टाकण्यासाठीं टॅरंटुला बहुधा उताणा निजतो, आणि तो मेला असें समजून माणसें त्याला हलवितात, क्वचित् फेकूनहि देतात. अशा वेळीं त्याला मुळींच स्पर्श करूं नये. पेटींत जिवंत रातकिडा राहिला असेल तर तो मात्र काढावा. कात टाकलेल्या मऊ अंगाला तो चावे घेतो.

खऱ्या ऱ्हासाचीं चिन्हें निराळीं आहेत. उदर आक्रसतें, चाल अडखळते, कांचेवरची पकड सुटते, जुन्या कातींत पाय अडकतो. शेवटीं कोळी उताणा न पडतां, बसल्या जागींच त्याचे पाय मुठीसारखे पोटाखालीं वळतात. पाय मिटण्यासाठीं कोळ्याला स्नायू असतात. परंतु मुख्य सांध्यांशीं पाय लांब करण्याचें काम शरीरांतील द्रवाच्या दाबानें होतें. तो दाब ओसरला, कीं पाय मिटतात. तहानेनेंहि असेंच होतें. म्हणून आधीं उथळ बशींत पाणी भरून ती त्याच्या तोंडाजवळ ठेवावी. तहानच कारण असेल, तर कोळी पुन्हा सांवरण्याचा संभव असतो.

म्हाताऱ्या कोळ्याच्या पेटींत मातीचा थर वाढवून उंची कमी करावी, कारण पडल्यानें त्याचें उदर फुटतें. भक्ष्य लहान व आधींच मारलेलें द्यावें. न खाल्लेलें दुसऱ्या दिवशीं उचलावें. कात टाकल्याच्या तारखा वहींत टिपून ठेवाव्या, म्हणजे पडणारें अंतर लक्षांत येतें. हातावर घेण्याची हौस आतां सोडावी. या वयांत त्याला लागतें तें जवळचें पाणी आणि निवांतपणा. पाय मिटून तो निश्चल झाला, तरीहि एक-दोन दिवस वाट पाहावी आणि मगच त्याला मातींत ठेवावें.