मेढ का कुजते?

(शिबिरात झालेलं बोलणं, लिहून काढलेलं)



पावसाळ्यात पडलेल्या ऐनाच्या खोडावर फळीसारखी आळंबी येते, ती आपण सगळ्यांनी बघितलीय. ती आळंबी म्हणजे बुरशीचं फळ. तिचं खरं अंग लाकडाच्या आत असतं, सुतासारखं पसरलेलं. फळ बाहेर दिसतं तोवर आतलं लाकूड बरंच खाऊन झालेलं असतं.

उभ्या झाडात ही बुरशी बहुतेक जखमेतून शिरते. वणव्यानं साल जळली, फांदी ओरबाडून निघाली, की वाट मिळाली. म्हणून राबासाठी डहाळी तोडताना कोयता धारेचा ठेवा, खोडाची साल सोलू नका. आणि झाड पोकळ झालं म्हणजे मेलं असं नाही. पाणी वर नेणारं लाकूड सालीजवळ असतं, ते जितं राहतं.

आता घराची मेढ बघा. ती कुजते कुठं? बरोबर जमिनीलगत. तिथं ओल आहे आणि हवाही आहे. बुरशीला दोन्ही लागतं. पाण्यात पूर्ण बुडालेलं लाकूड ती खात नाही, कारण हवा नाही. चुलीवरच्या माळ्याचं लाकूडही खात नाही, कारण ओल नाही.

मग उपाय काय? मेढ गाभ्याच्या लाकडाची घ्या. सागाचाही बाहेरचा पांढरा भाग लवकर जातो. मेढ दगडावर बसवा. वळचणीचं पाणी लांब काढून द्या.

हे आज का सांगतोय? आमच्या पाड्यात एका म्हातारीनं प्लॉटवरच्या घराच्या मेढी बदलल्या. जुन्या चुलीत गेल्या. पाहणीला आलेले साहेब म्हणाले, "हे घर तर कालचं दिसतंय!"

वनहक्क कायदा २००६ चा. कब्जा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा दाखवावा लागतो. नियम १३ मध्ये घर, झोपडी, बांध हे पुरावे धरलेत. गावातल्या जाणत्या माणसांचा लेखी जबाबही धरलाय. पुरावे एकापेक्षा जास्त लागतात.

तर मेढ बदलण्याआधी वनहक्क समितीला बोलवा. पंचनामा करा. हे घर कधी उभं राहिलं ते जाणत्यांकडून लिहून घ्या, सह्या-अंगठे घ्या. जुनी मेढ कोरड्या जागी ठेवा.

कुजलेली का असेना, ती मेढ आपल्या बाजूनं बोलते. तिला चुलीत घालू नका.

जिंदाबाद!